डॉक्टरांनी हात टेकल्यानंतर

कोलकात्यातील एका नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत, सहा वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी संध्याकाळी, माझ्या वडिलांना सांगण्यात आले की त्यांची गेलेली नजर आता परत येणार नाही. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कागदावर डोळ्याची आकृती काढली, डोळ्यातील वाढलेला दाब आणि त्या दाबाखाली हळूहळू निकामी होत जाणारी दृष्टीची नस आम्हाला समजावून सांगितली. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने काम झाले असते. काचबिंदूत गेले ते गेले, उरले आहे तेवढे थेंबांनी टिकवायचे, असे ते म्हणाले. मग त्यांनी दोन औषधे लिहून दिली, तीन महिन्यांनी यायला सांगितले आणि घंटी वाजवून पुढच्या रुग्णाला बोलावले. बाबांनी उठता उठता एवढेच विचारले, ‘‘मग उद्या सकाळपासून मी काय करायचे?’’ डॉक्टरांना वाटले, ते थेंबांबद्दल विचारत आहेत. त्यांनी उत्तर दिले, ‘‘सकाळी एक आणि रात्री एक.’’

बाबांचा प्रश्न थेंबांचा नव्हता. छत्तीस वर्षे त्यांनी एका शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर पहाटे फिरायला जाणे, बाजारातून स्वतः निवडून मासळी आणणे आणि दुपारी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे, या तीन खांबांवर त्यांचा दिवस उभा होता. काचबिंदू बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेने आत सरकतो. समोरचे दिसत राहते आणि बाजूचे जग नाहीसे होत जाते. दृष्टिक्षेत्र तपासण्याच्या यंत्रात डोळा लावून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. बाबा बराच वेळ स्वस्थ बसून राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘‘यंत्र सुरू केलेत ना?’’ यंत्र केव्हाच सुरू झाले होते.

त्यानंतर आम्ही घरच्यांनी प्रेमापोटी जे केले, ते आठवले की आज शरम वाटते. ते जिन्यात घसरले, म्हणून त्यांचे बाहेर जाणे आम्ही थांबवले. चहाचे पातेले कलंडले, म्हणून स्वयंपाकघर बंद झाले. पाकीट आईने कपाटात ठेवले, मासळी मी आणू लागले, आणि थेंबही त्यांच्या डोळ्यांत कोणी तरी दुसरेच घालू लागले. जे डोळ्यांनी हिरावून घेतले नव्हते, तेही आठ महिन्यांत आम्ही काढून घेतले. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागले आणि त्यांचे बोलणे कमी झाले. महालयेच्या पहाटे चार वाजता बंगाली घरांत दिवे न लावताच आकाशवाणीवरील ‘महिषासुरमर्दिनी’ ऐकण्याचा जुना प्रघात आहे. त्या वर्षी आम्ही सारे अंधारात रेडिओभोवती बसलो असता बाबा म्हणाले, ‘‘आज तरी आपण सगळे सारखे आहोत.’’ आईने त्यावर काही उत्तर दिले नाही. मीही दिले नाही.

डॉक्टरांकडून जे कळायला हवे होते, ते आम्हाला औषधांच्या दुकानदाराकडून कळले. दर महिन्याला थेंब नेताना एकदा त्याने सहज विचारले, ‘‘मास्टरमोशाय हल्ली दिसत नाहीत?’’ आणि मग काउंटरखालच्या वहीतून एक पत्ता शोधून दिला. दक्षिण कोलकात्यातील एका गल्लीत, जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे एक लहानसे स्वयंपाकघर, एवढाच त्या संस्थेचा पसारा आहे. तीन प्रशिक्षक, एक हिशेबनीस, काही स्वयंसेवक. तिचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की ती एखादी अपवादात्मक जागा वाटू लागेल, आणि मला सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. अशा लहान संस्था देशातल्या कितीतरी शहरांत आहेत. त्या मोडक्या खुर्च्यांवर आणि जुन्या देणगीदारांच्या भरवशावर उभ्या आहेत, आणि एक राष्ट्रीय जबाबदारी जवळजवळ एकट्याने वाहत आहेत.

संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणतात. बँकेत नोकरीला असताना, चाळिशीच्या आतबाहेर, दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने त्यांची नजर गेली. पहिल्या दिवशी त्यांनी बाबांना आजाराबद्दल काहीच विचारले नाही. म्हणाल्या, ‘‘मास्टरमोशाय, चहा घ्याल?’’ बाबांनी हो म्हटले. ‘‘मग करा ना. शेगडी तुमच्या डाव्या हाताला आहे.’’ मी उठू लागले तेव्हा खुर्चीच्या आवाजावरून त्यांनी ते ओळखले आणि शांतपणे सांगितले, ‘‘तुम्ही बसा.’’

कप भरत आला की ओतण्याचा आवाज बदलतो, हातातल्या कपाचे वजन बदलते, आणि तेवढ्याने भागले नाही तर बोटाचे टोक काठाच्या आत ठेवता येते. पातेल्याचा कान कोणत्या दिशेला ठेवायचा, काडी कशी ओढायची, दुधाची पिशवी कोणत्या कोपऱ्यात कापायची, या प्रत्येक गोष्टीची एक रीत आहे आणि ती शिकवता येते. बाबांनी त्या दिवशी दोनदा चहा सांडला. तिसऱ्या कपाचा घोट घेऊन दीदी म्हणाल्या, ‘‘साखर जास्त झाली,’’ आणि बाबा आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले. साखर कमी-जास्त होण्याची चूक ही कोणत्याही माणसाची चूक असते.

घरगुती अनुभव राष्ट्रीय घडामोडींच्या या सदरात सांगण्याचे कारण आहे. अंधत्वाविरुद्धची आपली लढाई ही स्वतंत्र भारताच्या खऱ्या यशांपैकी एक आहे, आणि त्या यशाच्या सावलीत एक मोठे अपयश झाकले गेले आहे.

यश आधी सांगितले पाहिजे. १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी देशातील अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्के मानले जात होते आणि ते ०.३ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, संधिवाताने वाकलेल्या बोटांनी, अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तिथे शस्त्रक्रियेची अशी शिस्तबद्ध पद्धत घडवली गेली की पैसे देणाऱ्या रुग्णांच्या बळावर गरिबांचे मोतीबिंदू मोफत काढता आले. १९९२ पासून कृत्रिम भिंगे मदुराईतच बनू लागली आणि परदेशी भिंगांच्या किमतीचा अडसर दूर झाला. हैदराबादेत १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी राहिली. गावोगावी शिबिरे झाली. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. या घसरणीत थोडा वाटा व्याख्येचाही आहे. पूर्वी ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व असे आपण मानत होतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ही मर्यादा ३/६० करण्यात आली. तरीही लाखो घरांत माणसे पुन्हा पाहू लागली, हे निर्विवाद आहे.

पन्नाशीपुढील अंधांमध्ये मोतीबिंदू हे कारण सुमारे दोन तृतीयांश जणांत असल्याचे त्याच सर्वेक्षणात दिसले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, पट्टी दुसऱ्या दिवशी निघते आणि आजी नातवाचा चेहरा पाहते. देणगीदाराला याहून मोठे समाधान नाही आणि सरकारला याहून सोपा आकडा नाही. पण उरलेल्या एक तृतीयांशाचे काय? काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेले दृष्टिपटल, जन्मजात आणि आनुवंशिक आजार, अपघात. यांतल्या कित्येकांची पट्टी कधीच निघणार नसते. त्यांच्यासाठी आपल्या व्यवस्थेकडे ‘आता काही करता येणार नाही’ हे एक वाक्य आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते खरे असेलही. माणसाच्या दृष्टीने ते खोटे आहे. करण्यासारखे पुष्कळ असते. फक्त ते करणारा माणूस रुग्णालयात नसतो.

हे आपल्याला ठाऊक नव्हते असेही नाही. मुलांसाठीच्या अंधशाळा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला, तर १८९७ मध्ये लालबिहारी शाह यांनी कोलकात्यात शाळा काढली. मोठेपणी दृष्टी गमावलेल्यांचा विचार मात्र युद्धाने करायला लावला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, लंडनमध्ये सर आर्थर पिअर्सन यांनी अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था स्थापन केली. पिअर्सन हे ‘डेली एक्स्प्रेस’चे संस्थापक, त्यांची स्वतःची दृष्टी काचबिंदूने गेली होती. गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेला क्लुथा मॅकेंझी हा न्यूझीलंडचा सैनिक याच संस्थेत शिकला. दुसऱ्या महायुद्धात तोच मॅकेंझी भारतात आला, आणि १९४३ मध्ये डेहराडूनला अंध भारतीय जवानांसाठी सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह सुरू झाले. शेतीतून पलटणीत गेलेले आणि आघाडीवर डोळे गमावून आलेले तरुण तिथे चालायला, विणायला, वाचायला पुन्हा शिकले. १९५० मध्ये भारत सरकारने ही वास्तू ताब्यात घेऊन तिथे प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. आजची डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था त्यातूनच वाढली. पाठोपाठ १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल ठरले.

म्हणजे प्रजासत्ताक जन्माला आले त्या वर्षीच, दृष्टी गमावलेल्या प्रौढाला औषधाइतकीच प्रशिक्षणाची गरज असते, हे सरकारने मान्य केले होते. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत ते ज्ञान डेहराडूनहून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचले नाही. १९९२ मध्ये पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला, प्रशिक्षकांची नोंदणी सुरू झाली, जिल्हा पुनर्वसन केंद्रांची योजना आली. परंतु आपल्या जिल्ह्याचे केंद्र कुठे आहे, असे दहा सुशिक्षित लोकांना विचारून पाहावे. मी विचारले आहे. मलाही ते ठाऊक नव्हते आणि धोरणांवर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे.

या शिक्षणाला वेळ लागतो. पांढरी काठी हातात घेतली की चालता येते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात काठीची उंची साधारणपणे छातीच्या हाडापर्यंत मोजून घ्यावी लागते. उजवे पाऊल पुढे जाताना काठीचे टोक डावीकडे टेकवायचे आणि डावे पाऊल पुढे जाताना उजवीकडे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. ही पद्धतही दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांसाठीच अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात घडवली गेली. कोलकात्याच्या फुटपाथवर तिला आणखी बऱ्याच गोष्टींची जोड लागते. कचोरीच्या कढईचा वास आला की डावीकडे वळायचे, चर्मकाराच्या हातोडीचा आवाज मागे पडला की रस्ता ओलांडण्याची जागा आली, फेरीवाल्याचे प्लास्टिक डोक्याला लागले की आपण फार आत आलो. बाबांना घरापासून बाजारापर्यंतचा अर्ध्या किलोमीटरचा रस्ता येण्यास चार महिने लागले. तेवढा काळ एक प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा त्यांच्यामागे चार पावलांवर चालत होता. भूगोलाच्या मास्तरांनी अखेर त्या रस्त्याचा नकाशा मनात काढला, आणि तो त्यांनी मला तोंडी सांगितला तेव्हा मी वीस वर्षे त्या रस्त्याने जाऊनही त्यातल्या निम्म्या खुणा मला माहीत नव्हत्या.

नोटा ओळखण्याचेही असेच. आपल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच आहे आणि लांबीत प्रत्येकी फक्त चार मिलिमीटरचे अंतर आहे. कडेच्या उंचवट्याच्या रेघा वापराने झिजून जातात. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखून सांगणारे ‘मणी’ हे अ‍ॅप आणले, पण मासळी बाजारात ओल्या हातांनी, मागे माणसे खोळंबलेली असताना, फोन काढून प्रत्येक नोटेचा फोटो कोण घेणार? दीदींनी शिकवलेला उपाय जुना आहे. पाचशेची नोट उभी दुमडायची, दोनशेची आडवी, शंभरची सरळ ठेवायची, आणि सुटे परत घेताना विक्रेत्याला एकेक नोट नाव घेऊन हातावर ठेवायला सांगायचे. थेंबांच्या दोन बाटल्यांपैकी एकीला बाबांनी रबर गुंडाळले, आणि तेव्हापासून आजतागायत ते थेंब स्वतःच घालतात. फोनमधील वाचून दाखवणारी सुविधा शिकल्यावर वर्तमानपत्र परत आले, बंगालीतच. संगणकासाठीचा एनव्हीडीए हा पडदावाचक दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये बनवायला घेतला आणि जगाला फुकट दिला. तो नसता तर संस्थेतील दोन जुन्या संगणकांचा उपयोग नसता.

या कामाचा आकडा करता येत नाही, आणि इथेच संस्थेच्या हिशेबनिसाचे दुखणे सुरू होते. कंपनी कायद्यानुसार मोठ्या उद्योगांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्यांचे अधिकारी येतात आणि विचारतात, वर्षाला लाभार्थी किती? दीदी सांगतात, नीट शिकवले तर चाळीस. अधिकाऱ्यांचा चेहरा त्यांना दिसत नाही, पण वही मिटल्याचा आवाज येतो. शेजारच्या शिबिरात एका रविवारी तीनशे चष्मे वाटलेले असतात. एका वर्षी एका देणगीदाराने शंभर काठ्या दिल्या. सगळ्या एकाच लांबीच्या. छायाचित्र निघाले, बातमी आली, आणि त्या काठ्या अजून माळ्यावर आहेत. वाढदिवसाला जेवण घालणारे बरेच असतात. प्रशिक्षकाचा पगार देणारा शोधावा लागतो. देणाऱ्यांचे मन लहान असते असे मी म्हणणार नाही. अंध माणसाला अन्न लागते हे त्यांना कळते, त्याला शिक्षक लागतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कायद्याने काय सांगितले आहे? २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा हा अनेक अर्थांनी पुढचे पाऊल आहे. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण त्याने तीनवरून चार टक्क्यांवर नेले, त्यातील एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. परंतु पुनर्वसनाविषयीचे त्याचे सत्ताविसावे कलम वाचावे. सरकारने आणि स्थानिक संस्थांनी ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात किंवा इतरांकडून देवववाव्यात, असा त्याचा आशय आहे. हक्कांच्या कायद्यात पुनर्वसनाला हक्काची भाषा मिळाली नाही. तिथे ऐपतीची भाषा आली. ‘इतरांकडून’ म्हणजे दीदींच्या दोन खोल्यांकडून. गरीब घरातील तीव्र दिव्यांग प्रौढाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिन्याला तीनशे रुपये आहे. तेवढ्यात बाबांच्या थेंबांची एक बाटलीही येत नाही.

दाखल्याची कथा वेगळीच. कायद्याच्या व्याख्येत नजरेच्या तीक्ष्णतेबरोबर दृष्टिक्षेत्राचाही विचार आहे. दहा अंशांपेक्षा कमी क्षेत्र उरले असेल तर ती व्यक्ती अंध मानली जाते. बाबांना समोरच्या तक्त्यावरची जवळजवळ शेवटची ओळ वाचता येत होती, जणू एखाद्या नळीतून. पण बाजूने येणारी बस दिसत नव्हती. ज्या रुग्णालयात आम्ही दाखल्यासाठी गेलो, तिथल्या माणसाने तक्ता वाचून घेतला आणि ‘यांना तर दिसते आहे’ असे म्हणून कागद परत केले. दुसऱ्या खेपेला संस्थेतील स्वयंसेवक कायद्याची छापील प्रत घेऊन आमच्याबरोबर आला, तेव्हा दृष्टिक्षेत्राचा अहवाल कोणी तरी उघडून पाहिला. ज्याच्याबरोबर असा स्वयंसेवक नसतो, त्याचे काय होत असेल?

न्यायालये मात्र पुढे गेली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीन व्यक्तीला न्यायाधीश होण्यापासून रोखणारा मध्य प्रदेशातील नियम रद्द केला. त्याच वर्षी ३० एप्रिलला न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांनी नेले होते. बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट होती आणि त्यांना ती पाळता येत नव्हती. बाबांनी हा निकाल फोनवर दोनदा ऐकला. आदल्याच वर्षी त्यांच्या फोनने त्यांना ‘चेहरा चौकटीत आणा’ असे सतरा वेळा सांगितले होते. निकाल मोठा आहे. परंतु फोन कसा धरायचा, चौकट कुठे आहे हे आवाजावरून कसे ओळखायचे, हे न्यायालय शिकवू शकत नाही. हक्क आणि त्याचा वापर यांमध्ये एक शिक्षक बसलेला असावा लागतो.

आणि तो शिक्षक जवळ असावा लागतो. संस्थेत कॅनिंगच्या बाजूच्या गावातून एक तरुणी येत असे. लग्नानंतर दोन वर्षांनी तिची नजर जाऊ लागली आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. तिचा भाऊ तिला लोकलने घेऊन येई, दिवसभर पायरीवर बसे आणि संध्याकाळी परत नेई. प्रत्येक खेपेला त्याची एका दिवसाची मजुरी बुडे. ती चलाख होती. तीन आठवड्यांत तिने बोटांनी सुईत दोरा ओवायला आणि खोलीतल्या खोलीत काठीने फिरायला शिकून घेतले. बाबा तिला फोनवरची बाराखडी शिकवत होते. मग भातलावणी आली आणि भाऊ येईनासा झाला. दीदींनी फोन केला. आधी कोणी उचलला नाही, नंतर तो बंद लागू लागला. गावातील आरोग्य केंद्रात तिच्यासाठी कोणी नव्हते. बाबा आजही अधूनमधून तिच्याबद्दल विचारतात. माझे वडील मास्तर होते, त्यांचे घर शहरात होते, त्यांना निवृत्तिवेतन होते आणि हट्ट करणारी मुलगी होती. यांतले काहीच नसलेल्या माणसाचा विचार करूनच धोरण आखायचे असते.

मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात एक नोंदणीकृत पुनर्वसन कार्यकर्ता असावा, आणि ज्या दिवशी ‘नजर परत येणार नाही’ हे सांगितले जाईल त्याच दिवशी रुग्णाची आणि घरच्यांची त्याच्याशी गाठ घालून द्यावी. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने शस्त्रक्रिया मोजाव्यात, तसे एकट्याने घराबाहेर पडू लागलेले लोकही मोजावेत. ज्या लहान संस्था हे काम करतात त्यांना वेळेवर अनुदान मिळावे आणि त्यात शिक्षकाच्या पगाराचा मान पहिला असावा. प्रशिक्षणासाठी येणाऱ्याला आणि सोबत्याला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्यावी. आपला देश दरवर्षी मोतीबिंदूच्या लाखो शस्त्रक्रिया करू शकतो. त्याला हे अवघड नाही.

काचबिंदू घराण्यातून येतो. मी दरवर्षी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेते आणि त्या यंत्रासमोर बसले की बटणावरचा अंगठा घट्ट होतो. अजून तरी ठिपके दिसत आहेत. उद्या दिसेनासे झाले तर काय करायचे हे मला माहीत आहे, आणि त्याचे श्रेय त्या दोन खोल्यांना आहे.

त्या खोल्या मात्र आता राहणार नाहीत. घरमालकांच्या मुलांनी घर बिल्डरला दिले आहे. पूजेनंतर ते पाडायला घेतील. दीदी आणि बाबा मिळून गेले तीन महिने जागा शोधत आहेत. परवडते ती तिसऱ्या मजल्यावर असते. तळमजल्यावर मिळते तिथे मालक विचारतात, अंध माणसे गॅस पेटवणार का, आग लागली तर कोण जबाबदार? अशा एका घरी बाबांनी मालकांना, तुमच्याच स्वयंपाकघरात तुम्हाला चहा करून देतो, असे सुचवले. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

बाबा अजूनही त्या नेत्रतज्ज्ञांकडे जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी छापून घेतलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा डॉक्टरांच्या मेजावर ठेवला होता: ‘नजर परत येणार नसली तरी शिकण्यासारखे पुष्कळ आहे’, आणि त्याखाली संस्थेचा पत्ता. डॉक्टरांनी तो ठेवून घेतला, एवढेच नव्हे तर एक चिठ्ठी मेजाच्या काचेखाली सरकवली. आता ते ज्याला वाईट बातमी सांगतात, त्याच्या हातात शेवटी एक चिठ्ठी देतात. गेल्या महिन्यात गठ्ठा संपल्याचा निरोप आला. बाबांनी नव्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आहेत. त्यांत पत्त्याची ओळ तेवढी कोरी ठेवली आहे.